भूल उतरताना : श्वास परत देण्याची गोष्ट

हात कामात असतील तर राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज हप्त्याचं काही बोलणार नाही, बँकेचंही नाही. आज एका बंद दाराबद्दल बोलायचं आहे.

आमच्या एका गटातली मैत्रीण. तिचं पाच महिन्यांचं बाळ, वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. ऑपरेशन ठरलं. सकाळी साडेनऊला बाळाला आत नेलं. बाहेर बाकड्यावर ती, तिची सासू आणि सोबतीला आम्ही दोघी-तिघी. अकराच्या सुमाराला सर्जन बाहेर आले, "ओठ छान शिवला गेलाय," म्हणाले आणि पुढं निघून गेले. आता लेकरू येणार म्हणून तिनं दुपटं उलगडून मांडीवर घेतलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. दार काही उघडेना. सासू हळूच म्हणाली, "काम झालं म्हणतात, मग पोर का देत नाहीत? काहीतरी लपवत्यात." आमच्या मैत्रिणीनं दुपट्याची घडी केली, परत उलगडली, परत केली. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पस्तीस मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला आणि सगळ्या बाकड्यालाच जीव आल्यासारखं झालं.

त्या पस्तीस मिनिटांत आत काय चाललं होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे थोड्याफार फरकानं सगळीकडेच होतं. पण दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम बाळाला बघायला आल्या, तेव्हा आम्ही धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "सर्जनचं काम संपलं तेव्हा माझं सुरू झालं. बाळाला मीच लुळं केलं होतं ना? त्याचा श्वास त्याला परत द्यायचा होता."

हे वाक्य आम्ही गाठीला बांधून घरी आणलं. बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण तो राजे, तह आणि सनावळ्यांचा. श्वास परत देण्यालाही इतिहास असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मग मिळेल ते वाचलं, अडलं तिथं मॅडमना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. भूल म्हणजे एकच औषध नसतं. झोप लागायला एक, वेदना थांबवायला दुसरं आणि अंग सैल करायला तिसरं. हे तिसरं औषध दिलं की स्नायू काम सोडतात. घशातून श्वासनळीत नळी सहज घालता येते, आणि चाकूखाली बाळ तसूभरही हलत नाही. पण छाती हलवणारेही स्नायूच की. तेही थांबतात. म्हणजे तेवढा वेळ बाळ स्वतः श्वास घेत नाही. भूलतज्ज्ञ पिशवी दाबून किंवा मशीन लावून त्याचा श्वास चालवतात. ऑपरेशन संपलं की हे उसनं घेतलेलं बळ परत करावं लागतं. ते कसं करायचं, हे शिकायला माणसाला शंभरावर वर्षं लागली.

सुरुवात होते दक्षिण अमेरिकेच्या जंगलात. तिथले आदिवासी वेलींच्या सालीपासून एक काळं, चिकट विष शिजवून बाणाच्या टोकाला लावत. लागलेलं जनावर तडफडत नसे, सैल होऊन खाली पडे. त्याचं मांस खाल्लं तरी माणसाला काही होत नसे, कारण पोटातून हे विष रक्तात फारसं उतरत नाही. कुरारे हे त्याचं आज रूढ असलेलं नाव. चार्ल्स वॉटरटन नावाचा इंग्रज १८१२ मध्ये गयानाच्या जंगलात गेला आणि तिथल्या माकुशी लोकांकडून हे विष घेऊन आला.

१८१४ मध्ये लंडनमध्ये एका गाढवीवर त्याचा प्रयोग झाला. खांद्यात विष भरलं आणि दहा मिनिटांत गाढवी मेल्यासारखी पडली. मग तिची श्वासनळी कापून त्यात भात्यानं हवा भरायला सुरुवात केली. भाता म्हणजे लोहाराचा असतो तसाच. दोन तासांनी गाढवीनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं. झालं, आली शुद्धीवर, म्हणून भाता थांबवला. तशी ती पुन्हा कोसळली! घाईनं परत भाता सुरू केला, आणखी दोन तास चालवला, तेव्हा कुठं ती उठून चालायला लागली. तिचं नाव पडलं वूरालिया, विषाच्याच तिकडच्या नावावरून. पुढं पंचवीस वर्षं ती वॉटरटनच्या इस्टेटीवर चरत होती.

मैत्रिणींनो, या गाढवीनं मधेच मान वर केली ना, ते लक्षात ठेवा. मान उचलण्याइतकी ताकद आली म्हणजे श्वास चालवण्याइतकी आली असं नाही. बाळाच्या बाबतीत सगळा घोळ इथंच होतो.

आता दुसरं विष, आफ्रिकेतलं. आजच्या नायजेरियात कालाबार नावाचं गाव आहे. तिथले एफिक लोक गुन्हेगार शोधायला एका वेलीची बी खायला देत. बी खाऊन ओकला तो निर्दोष, मेला तो दोषी. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत दिव्य केल्याच्या नोंदी आहेतच की. उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की दोषी. तसंच हे बीचं दिव्य. मिशनऱ्यांच्या हस्ते या बिया स्कॉटलंडमध्ये पोचल्या. १८५५ मध्ये एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी त्यातली थोडी बी स्वतःच खाऊन पाहिली. हातपाय लुळे पडायला लागले, तसं त्यांनी दाढीचं साबणाचं पाणी पिऊन उलटी काढली आणि जीव वाचवला. (विद्वान माणसं कधी कधी अशी लहान पोरांसारखी वागतात.) १८६४ मध्ये त्या बीतलं मूळ द्रव्य वेगळं काढण्यात आलं. त्याचं नाव फायसोस्टिग्मीन.

ही दोन विषं दोन खंडांतली. एकमेकांशी त्यांची गाठ पडली १९०० मध्ये, व्हिएन्नात. कुरारेनं लुळ्या पडलेल्या जनावराला याकोब पाल या डॉक्टरनं फायसोस्टिग्मीन दिलं आणि जनावर आपलं आपण श्वास घ्यायला लागलं. एका विषावर दुसऱ्या विषाचा उतारा.

हे कसं होतं ते समजून घेऊ, अवघड नाही. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो, पण तंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मधे बारीकशी फट असते. टोकातून निरोपाचं रसायन सुटतं आणि पलीकडे स्नायूवरच्या जागांवर जाऊन बसतं. ते बसलं की स्नायू आवळतो. काम झालं की तिथलीच एक झाडूवाली ते रसायन लगेच झाडून टाकते, पुढच्या निरोपाला जागा मोकळी व्हावी म्हणून. कुरारे काय करतं? त्या जागा आधीच अडवून बसतं. बैठकीला बायका याव्यात आणि सतरंजीवर आधीच भलतीच माणसं ठाण मांडून बसलेली असावीत, तसं. उताऱ्याचं औषध त्या माणसांना उठवत नाही. ते झाडूवालीला थांबवतं. मग निरोपाचं रसायन साचत जातं, गर्दी वाढते आणि त्या रेट्यानं अडवून बसलेली माणसं हळूहळू बाजूला होतात.

यातच या उताऱ्याची मर्यादाही आली. सगळी सतरंजी भरलेली असेल तर बाहेर कितीही गर्दी करा, उपयोग नाही. थोडी जागा आपोआप रिकामी व्हायची वाट बघावी लागते, मगच उतारा लागू पडतो. आमच्या बाकड्यावरच्या पस्तीस मिनिटांतली बरीचशी या वाट बघण्यात गेली होती, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

व्हिएन्नातला शोध मात्र कितीतरी वर्षं पडून राहिला. कुरारेच माणसांना सहसा देत नव्हते, तर उतारा कशाला लागणार? तो बाहेर काढला एका बाईनं. डॉक्टर मेरी वॉकर, लंडनच्या ग्रीनिच भागातल्या गरिबांच्या दवाखान्यात साध्या हुद्द्यावर काम करणाऱ्या. त्यांच्याकडे मायस्थेनिया नावाच्या आजाराची एक रोगी बाई होती. पापण्या उचलत नाहीत, चावता येत नाही, हात गळून पडतात. हा आजार कुरारेच्या विषबाधेसारखा दिसतो, हे कानावर आल्यावर वॉकरबाईंनी सरळ विचार केला: मग कुरारेचा उतारा हिला का चालू नये? १९३४ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मीनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात मिटलेली पापणी वर उचलली. पुढच्या वर्षी त्यांनी निओस्टिग्मीन वापरून पाहिलं, प्रयोगशाळेत तयार केलेला त्याच जातीचा भाऊ. ऑपरेशननंतर आपल्या लेकरांना देतात ते हेच निओस्टिग्मीन.

२३ जानेवारी १९४२ ला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये एका तरुणाला शुद्ध केलेलं कुरारे दिलं. पोट लोण्यासारखं मऊ पडलं. तिथून हे औषध जगभर गेलं. पुस्तकांत ग्रिफिथचं नाव ठळक असतं, एनिडबाईंचं बारीक. असो.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे यांनी १९४६ मध्ये हजाराहून जास्त रोग्यांचा अनुभव मांडला. पण १९५४ मध्ये अमेरिकेतून एक धक्का आला. बीचर आणि टॉड या दोघांनी दहा दवाखान्यांतल्या जवळजवळ ६ लाख भुलींचा हिशेब घातला. स्नायू सैल करणारं औषध न दिलेल्यांत भुलीमुळे २,१०० मागे एक मृत्यू, दिलेल्यांत ३७० मागे एक. त्यांना वाटलं, औषधातच काहीतरी घातक आहे. लिव्हरपूलवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. औषध मारत नाही, अर्धवट उतरलेलं औषध मारतं. रोग्याचा श्वास नीट चालवा, शेवटी उतारा द्या, बळ पुरतं आलंय हे बघा, मगच हात सोडा. आम्हाला विचाराल तर लिव्हरपूलचं पटतं. त्या गाढवीनं हेच १८१४ मध्ये सांगितलं होतं.

आता आपल्या तान्ह्याकडे येऊ. लिव्हरपूललाच जॅक्सन रीस हे लहान मुलांचे भूलतज्ज्ञ होते. नवजात बाळांच्या भुलीवर त्यांनी १९५० मध्ये लिहिलं. त्यांच्या नावाची, शेपटीला उघडी असलेली रबरी पिशवी आजही आपल्याकडच्या ऑपरेशन थेटरात मागतात: "जॅक्सन रीस द्या." ती हातात धरली की बाळाचा बारीकसा श्वासही बोटांना कळतो. दुधाचा घोट उतरतोय की नाही हे आपल्याला न बघता कळतं, तसंच.

बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच्या बरगड्या मऊ असतात. श्वासाचा पडदा लवकर दमतो. किलोमागे प्राणवायू मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास लागतो, त्यामुळे श्वास जरा थांबला तरी अंग निळं पडायला वेळ लागत नाही. नवजाताच्या मज्जातंतू आणि स्नायूंमधला तो निरोपाचा रस्ताही कच्चा असतो. कुरारेच्या जातीची औषधं त्याला थोडक्यात चढतात, आणि यकृत-मूत्रपिंड नवखी असल्यानं पुष्कळदा उतरतात उशिरा. १९८३ मध्ये मात्र एक सुखद गोष्ट मोजून कळली. निओस्टिग्मीनचा उतारा बाळांना किलोमागे मोठ्यांपेक्षा कमी पुरतो. पण कमी पुरतो म्हणून न देऊन चालत नाही.

निओस्टिग्मीनला एक खोडही आहे. झाडूवाली फक्त स्नायूंपाशी थांबत नाही, सगळ्या अंगात थांबते. हृदयाचे ठोके मंदावतात, तोंडात लाळ दाटते. बाळाचं हृदय मंदावणं ही खेळण्याची गोष्ट नाही. म्हणून उताऱ्यासोबत ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. ॲट्रोपीन मूळचं बेलाडोना या झाडातलं. आपल्या धोतऱ्यातही ते असतं, आणि ही दोन्ही झाडं वांग्या-मिरचीच्या कुळातली. म्हणून कुणी धोतऱ्याला हात लावू नका हं, दरवर्षी त्यानं माणसं दवाखान्यात जातात. सांगायचं एवढंच की एका इंजेक्शनात आफ्रिकेची बी आणि धोतऱ्याचं कूळ शेजारी बसलेलं असतं.

बळ पुरतं आलं हे ओळखायचं कसं? मोठ्या माणसाला सांगता येतं, "मान उचलून पाच सेकंद धरा." १९७० मध्ये लिव्हरपूलच्याच हसन अली आणि सहकाऱ्यांनी मोजण्याची रीत काढली: मनगटापाशी विजेचे चार हलके टोले द्यायचे आणि अंगठ्याची चौथी उसळी पहिलीच्या किती टक्के आहे ते बघायचं. आधी ७० टक्के पुरे मानत, पुढं ९० टक्क्यांचा आग्रह आला. १९७९ मध्ये कोपनहेगनला ऑपरेशननंतर खोलीत आणलेल्या ७२ मोठ्या माणसांना तपासलं, तेव्हा ४२ टक्के लोक त्या ७० च्याही खाली निघाले. डॉक्टरांच्या डोळ्यांना ती बरी दिसत होती.

बाळ तर हुकूम ऐकत नाही. त्याच्यासाठी १९८० मध्ये एक खूण नोंदवली गेली, आणि ती वाचून आम्ही हसलोच. बाळ दोन्ही पाय उचलून गुडघे पोटाशी घेतं का, ते बघायचं. दुपटं बदलताना दिवसातून दहा वेळा आपण जे बघतो ते! तेवढा जोर कंबरेत आला तर श्वासातही आला असं धरता येतं.

इथं एक कडू पान उलटावं लागेल. हे औषध अंग सैल करतं, झोप आणत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरनं स्वतःला पूर्ण लुळं करवून घेतलं. उठल्यावर त्यांनी सांगितलं, मला सगळं ऐकू येत होतं, सगळं जाणवत होतं. तरीही पुढं कितीतरी वर्षं नवजातांना वेदना कळत नाहीत, असा समज धरून बेताच्या भुलीवर, कधी नुसतं लुळं करून ऑपरेशनं झाली. हलत नाही म्हणजे दुखत नाही! १९८५ मध्ये अमेरिकेत जिल लॉसन या आईच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं असंच हृदयाजवळचं ऑपरेशन झालं. बाळ पाच आठवड्यांनी गेलं. नंतर कागद मागितल्यावर तिला कळलं की त्याला फक्त स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं. ती गप्प बसली नाही, तिनं ते जगापुढं मांडलं. त्याच सुमाराला इंदूरला डॉक्टरी शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद हेच तपासत होते. अपुऱ्या दिवसांच्या सोळा बाळांपैकी आठ जणांना नेहमीच्या भुलीसोबत वेदनाशामक फेंटानिल दिलं, आठ जणांना नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची लक्षणं कितीतरी जास्त दिसली, ऑपरेशननंतर त्रासही जास्त झाला. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर केलं की नवजातालाही मोठ्यांसारखीच वेदनेपासून सुटका मिळाली पाहिजे.

अलीकडची औषधं जास्त शहाणी आहेत. ग्लासगोत तयार झालेलं ॲट्राक्युरियम रक्तात बरंचसं आपोआप मोडतं, यकृत-मूत्रपिंडावर फारसं अवलंबून राहत नाही. बाळांना ते सोयीचं. उताऱ्यातही नवं आलं, सुगामाडेक्स. आठ साखरेचे मणी ओवलेली बांगडीच ती. ठरावीक सैल करणाऱ्या औषधाला ती पोटात घेते आणि लघवीवाटे बाहेर नेते, झाडूवालीला हात न लावता. युरोपात २००८ मध्ये तिला मान्यता मिळाली, अमेरिकेत मोठ्यांसाठी २०१५ मध्ये, दोन वर्षांवरच्या मुलांसाठी २०२१ मध्ये. तान्ह्यांचा नंबर नेहमीसारखा शेवटी. शिवाय ती महाग आहे, म्हणून आपल्या भागात बहुतेक वेळा निओस्टिग्मीनच.

आणखी एक. सक्सामेथोनियम नावाचं एक झटपट उतरणारं औषध आहे, त्याला मात्र हा उतारा चालत नाही. ते मोडणारं द्रव्य काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं. आपल्या देशात आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळल्याची नोंद आहे. तेव्हा घरात कुणाला भुलीनंतर श्वास यायला फार वेळ लागला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगा. आजेसासूची गोष्ट असली तरी सांगा.

आणि बाळ वॉर्डात आल्यावरही डोळा ठेवा. रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक वाटलं, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ काळेनिळे दिसले, अंग पिठाच्या गोळ्यासारखं सैल लागलं, तर "झोपलं असेल" म्हणू नका. सिस्टरला हाक मारा, नाही आली तर उठून जा. ओरडा बसला तर बसू दे.

आमच्या मैत्रिणीच्या बाळाचा टाळूही दुभंगलेला होता. वर्षाचं झाल्यावर दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी तिनं सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना गाठलं आणि विचारलं, "सर, उतारा दिल्यावर तुम्ही किती वेळ त्याच्यापाशी थांबता?" ते जरा बघतच राहिले, मग खुर्ची ओढून तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. सर्जन बाहेर आल्यावर या खेपेला पन्नास मिनिटं गेली. सासू परत कुजबुजायला लागली, तर हीच म्हणाली, "थांबा आत्या, अजून पाय उचलले नसतील त्यानं."